वारंवार बसणारा आवाज: घरच्या तपासणीपासून दुर्बिणीपर्यंत

सर्दी-ताप नसतानाही आवाज बसतो, चार दिवस जपला की सुटतो आणि कामाला लागताच पुन्हा बसतो, ही आवाजावर उपचार करणाऱ्यांकडे येणारी अगदी नेहमीची तक्रार आहे. शिक्षक, गायक, वक्ते, दिवसभर फोनवर बोलणारे कर्मचारी आणि लहान मुलांमागे धावणारे पालक यांच्याकडून ती मी सतत ऐकते. माझ्यापर्यंत पोहोचण्याआधी यांपैकी बहुतेकांनी घशासाठी म्हणून सांगितले जाणारे जवळजवळ सर्व उपाय करून पाहिलेले असतात, मात्र आवाज दिवसाच्या कोणत्या वेळी जातो असे विचारले की ते गोंधळतात. बिघाडाचे मूळ सापडते ते बहुधा याच उत्तरात, म्हणून तपासाची सुरुवातही तेथूनच करावी.

लक्षणे

आवाज सकाळी उठताना घोगरा असेल आणि तासा-दोन तासांत मोकळा होत असेल, तर रात्रभर तोंडाने श्वास घेतल्याने आलेला कोरडेपणा किंवा जठरातील आम्ल वर येणे, यांपैकी काही तरी घडत असण्याची शक्यता असते. सकाळी स्वच्छ असलेला आवाज दिवस सरता सरता जड होत असेल, संध्याकाळी मानेत ठणका लागत असेल आणि सुटीच्या दिवशी हे काहीच होत नसेल, तर दोष बोलण्याच्या पद्धतीकडे किंवा बोलण्याच्या प्रमाणाकडे जातो. वारंवार आवाज बसणाऱ्यांमध्ये हा प्रकार सर्वाधिक आढळतो. आवाज कोणत्याच वेळी पूर्ण स्वच्छ नसेल, नेहमी थोडी हवा गळत असल्यासारखा ऐकू येत असेल, वरच्या पट्टीतील सूर लागत नसतील किंवा शब्दाचे पहिले अक्षर उमटायला क्षणभर उशीर होत असेल, तर स्वरतंतूंच्या कडेवर काही तरी बदल झाला आहे असे धरून चालावे.

ज्यांचा आवाज ओरडताना, गाताना किंवा जोराने खोकताना एकाएकी गेला आहे, त्यांनी पुढील घरगुती तपासण्यांच्या वाटेला जाऊ नये. अशा वेळी स्वरतंतूतील सूक्ष्म रक्तवाहिनी फुटलेली असू शकते, म्हणून त्याच क्षणी बोलणे बंद करून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा श्वास अडत असेल, तर सरळ रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.

आवाज तयार कसा होतो, हे आधी

ही माहिती थोडी सविस्तर देत आहे, कारण पुढील प्रत्येक तपासणीचे कारण तिच्यात आहे.

श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला कूर्चांनी बनलेले स्वरयंत्र असते, आणि पुरुषांच्या गळ्यावर उठून दिसणारा कंठमणी हा त्यातील सर्वांत मोठ्या कूर्चेचा पुढचा भाग असतो. आत समोरून मागे गेलेल्या दोन घड्या म्हणजे स्वरतंतू. नाव तंतू असले तरी त्या ताणलेल्या तारा नसून स्नायूंवर मऊ अस्तर चढवलेल्या घड्या आहेत. त्यांची लांबी प्रौढ पुरुषांत साधारण १७ ते २५ मिलिमीटर आणि स्त्रियांत साधारण १२ ते १७ मिलिमीटर असते. श्वास घेताना त्या एकमेकींपासून दूर होतात आणि बोलायच्या वेळी मागच्या बाजूच्या दोन लहान कूर्चा फिरून त्यांना जवळ आणतात. मग फुप्फुसांतून येणाऱ्या हवेचा दाब खालून वाढतो, घड्यांच्या खालच्या कडा आधी आणि वरच्या कडा नंतर विलग होतात, हवेचा एक झोत सुटतो, आणि ऊतींचा लवचीकपणा व वाहत्या हवेमुळे घटलेला दाब मिळून त्या पुन्हा मिटतात. सर्वसाधारण बोलण्यात पुरुषांच्या गळ्यात हे सेकंदाला सुमारे १०० ते १३० वेळा आणि स्त्रियांच्या गळ्यात सुमारे २०० वेळा घडते. सेकंदाला २०० या वेगाने एक तासभर सलग स्वर काढला, तर कडा ७ लाख २० हजार वेळा एकमेकींवर आपटतात.

प्रत्येक कंपनासाठी मेंदूकडून वेगळा संदेश येतो, असा सिद्धांत १९५० मध्ये फ्रेंच संशोधक राउल युसाँ यांनी मांडला होता. डच संशोधक यानविलेम व्हान डेन बेर्ख यांनी १९५८ मध्ये तो बाजूला सारून हवेचा दाब आणि ऊतींचा लवचीकपणा यांवर आधारलेले स्पष्टीकरण दिले, आणि पुढे तेच मान्य झाले. जपानी वैद्य मिनोरू हिरानो यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की आतला स्नायू आणि वरचे मऊ अस्तर हे दोन थर वेगवेगळे हलतात. आपल्या प्रश्नासाठी हा तपशील मोलाचा आहे. कंपनाची लाट त्या मऊ अस्तरावरून धावते आणि सूजही तेथेच धरते. अस्तर सुजले की कडा नीट मिटत नाहीत, हवा गळते, आवाज घोगरा होतो आणि बोलणारा नकळत अधिक दाब लावतो. त्या दाबाने कडा आणखी जोराने आपटतात आणि सूज वाढते. दाराच्या फटीत खडा अडकलेला असताना दार जोराने ढकलत राहावे, तसा हा प्रकार आहे. वारंवार आवाज बसण्यामागे बहुतेक वेळा हेच चक्र असते, आणि ते कोठे तोडता येईल एवढेच खालच्या तपासण्यांतून शोधायचे आहे.

पहिली तपासणी: नोंद आणि ध्वनिमुद्रण

दोन आठवडे रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी फोनवर तोच एक परिच्छेद, फोन तेवढ्याच अंतरावर ठेवून, वाचून मुद्रित करावा. त्यासोबत त्या दिवशी किती वेळ बोललात, कोठे बोललात आणि कोणती औषधे घेतलीत हे लिहावे. स्वतःच्या आवाजाबद्दलची आपली स्मरणशक्ती अत्यंत अविश्वसनीय असते. हळूहळू उतरलेला आवाज आपल्याला नेहमीचाच वाटतो, मुद्रणात मात्र फरक स्पष्ट ऐकू येतो.

याला जोडून एक बारीक चाचणी करता येते. ओळखीच्या गाण्याची एखादी ओळ आपल्या वरच्या पट्टीत, परंतु शेजारच्या खोलीतील माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणावी. वरच्या पट्टीत स्वरतंतू ताणले जाऊन पातळ होतात, हळू म्हणताना हवेचा दाबही कमी असतो, त्यामुळे फक्त कडा कंप पावतात. तेथे थोडी जरी सूज असेल तरी सूर उशिरा लागतो, मध्येच तुटतो किंवा नुसती हवा बाहेर पडते. बोलण्याचा आवाज स्वच्छ वाटत असतानाही ही चाचणी सूज पकडते. सूर लागावा म्हणून जोर लावला तर चाचणीचा उपयोग संपतो, ही एकच अट.

दुसरी तपासणी: पाणी, हवा आणि औषधे

प्यालेले पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. ते स्वरयंत्राच्या मागून अन्ननलिकेत उतरते, आणि चुकून एक थेंब आत गेला तरी ठसका लागतो. त्यामुळे मध, काढा, गोळ्या किंवा गुळण्या यांचा परिणाम घशाच्या वरच्या भागापुरता असतो. त्याने बरे वाटते, त्यात वाईटही काही नाही, मात्र सुजलेली कड त्याने ओलावत नाही. पाण्याचा उपयोग शरीरात शोषले गेल्यानंतर होतो, म्हणून भाषणाआधी घटाघटा तांब्याभर पिण्यापेक्षा सकाळपासून थोडे थोडे पिणे अधिक कामाचे ठरते. कोरड्या स्वरतंतूंना कंप पावायला लागण्यासाठी हवेचा अधिक दाब द्यावा लागतो, हे यामागचे कारण आहे. वाफ मात्र श्वासाबरोबर थेट कडांपर्यंत जाते. ती सहन होईल इतकीच कोमट असावी आणि लहान मुलांजवळ उकळते पाणी ठेवू नये. झोपताना नाक चोंदून तोंड उघडे राहत असेल, तर आधी नाकाचा उपचार करावा, कारण श्वासाची हवा ओलसर करण्याचे काम नाकच करते.

औषधांची यादी काढून बघावी. सर्दी-ॲलर्जीच्या अनेक गोळ्या अस्तर कोरडे करतात, रक्तदाबावरील काही औषधांनी कोरडा खोकला लागतो, आणि दम्यासाठी फवाऱ्याने घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे आवाज घोगरा होऊ शकतो. फवाऱ्यानंतर चूळ भरणे आणि गुळण्या करणे हे ताबडतोब करता येण्याजोगे आहे. कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. संशय असेल तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून मात्र बोलायला उभे राहू नये, कारण थांबण्याची सूचना देणारी वेदनाच त्या झाकतात.

तिसरी तपासणी: खाकरणे आणि कुजबुजणे

या दोन सवयी सुटल्या आणि पुढचे काहीच करावे लागले नाही, असे मी बरेचदा पाहिले आहे. घसा खाकरताना दोन्ही कडा बोलण्यातील कंपनांपेक्षा कितीतरी जास्त जोराने एकमेकींवर घासल्या आणि आपटल्या जातात. त्याने थोडा कफ सरकतो, क्षणभर मोकळे वाटते, पण चिडलेले अस्तर स्वसंरक्षणासाठी आणखी कफ तयार करते आणि थोड्याच वेळात पुन्हा खाकरावेसे वाटते. आपण दिवसातून किती वेळा खाकरतो याची खाकरणाऱ्याला कल्पना नसते, म्हणून मोजण्याचे काम घरातील किंवा कार्यालयातील दुसऱ्या व्यक्तीवर सोपवावे.

घशात काही तरी अडकल्यासारखे वाटले की प्रथम आवंढा गिळावा. न जमल्यास पाण्याचा एक घोट घेऊन हनुवटी किंचित खाली करून गिळावे. तरीही कफ जाणवला तर स्वर न काढता, तोंड उघडे ठेवून, पोटातून ‘ह्ह’ अशी नुसती हवा सोडावी आणि लगेच गिळावे. पहिले काही दिवस हे सारे अपुरे वाटते, त्याला इलाज नाही. अस्तर निवळू लागले की खाकरण्याची उबळच कमी होते.

आवाज बसला की कुजबुजून बोलणे हा अनेकांचा आवडता उपाय आहे. पुष्कळ माणसे कुजबुजताना स्वरयंत्र आवळून धरतात आणि विश्रांतीऐवजी नवा ताण निर्माण होतो. बोलायचेच असेल तर जवळ जाऊन, नेहमीच्या स्वरात, हळू आणि थोडे बोलावे.

चौथी तपासणी: गोंगाट, अंतर आणि स्वतःचे कान

गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदवले. ही क्रिया प्रतिक्षिप्त असल्यामुळे मी हळूच बोलेन असा नुसता निश्चय तेथे टिकत नाही, परिस्थितीच बदलावी लागते. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या व्यक्तीला ऐकू जावे म्हणून आवाज चढवावा लागत असेल, तर ती जागा तुमच्या स्वरतंतूंसाठी गैरसोयीची आहे. तेथे दीर्घ बोलणे टाळावे, पंखा किंवा यंत्र बंद करता येते का ते पाहावे, खिडकी लावावी, आणि वर्ग किंवा सभा असेल तर लक्ष वेधण्यासाठी टाळी, घंटा असे काही ठरवून घ्यावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. दोन पावले पुढे जाण्याचा जो फायदा होतो, तो ओरडून मिळवायला गेल्यास त्याची किंमत स्वरतंतू मोजतात. रोज तासन्‌तास बोलावे लागणाऱ्याने ध्वनिवर्धक मागण्यात संकोच करू नये. आपला आवाज खणखणीत आहे, आपल्याला माइक लागत नाही, हे अभिमानाने सांगणारे पुष्कळ जण मला नंतर उपचारासाठी भेटतात.

घरातील सर्वांना तुम्ही मोठ्याने बोलता असे वाटत असेल, तर एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी. स्वतःलाच नीट ऐकू येत नसेल तर आवाजाचे माप चुकते.

पाचवी तपासणी: श्वास आणि शब्दाची सुरुवात

एक लांब वाक्य मोठ्याने वाचावे आणि श्वास कोठे घेतला जातो ते पाहावे. श्वास संपत आला तरी वाक्य पुरे करण्याचा हट्ट असेल, तर शेवटच्या तीन-चार शब्दांना हवेचा दाब पुरत नाही आणि ती उणीव घशाचे स्नायू आवळून भरून काढली जाते. त्या वेळी मानेच्या शिरा फुगलेल्या आरशात दिसतात. स्वल्पविरामापाशी थांबून खांदे न उचलता श्वास घेणे एवढाच येथे बदल हवा.

दुसरी खोड स्वरांनी सुरू होणाऱ्या शब्दांत सापडते. ‘आज’, ‘एकदा’, ‘उद्या’ असे शब्द उच्चारताना आधी टक्‌ असा ठोका ऐकू येत असेल, तर स्वरतंतू घट्ट मिटवून मग हवेने फोडून उघडले जात आहेत. अशा शब्दांआधी किंचित ‘ह’ सोडून ‘हआज’, ‘हएकदा’ असा सराव करावा आणि काही दिवसांनी तो ‘ह’ केवळ मनात ठेवावा.

सरावासाठी मी सर्वप्रथम नळीचा व्यायाम देते. ग्लासात पाणी घेऊन पेय पिण्याची नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवावी, ओठ तिच्याभोवती घट्ट मिटावेत आणि ‘ऊ’ असा सौम्य स्वर काढत बुडबुडे सोडावेत. मग सूर सावकाश खालून वर आणि वरून खाली न्यावा. असे चार-पाच मिनिटे, दिवसातून काही वेळा करावे. नळीमुळे तोंडातील हवेचा दाब वाढून तो वरून स्वरतंतूंना आधार देतो, कडा हलक्या स्पर्शाने कंप पावतात आणि जोर न लावता स्वर कसा लागतो हे अंगवळणी पडते. गाल फुगत असतील किंवा घशात ओढ जाणवत असेल, तर व्यायाम चुकतो आहे.

सहावी तपासणी: आम्ल

छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि सकाळचा घोगरेपणा हे तिन्ही एकत्र असतील तर झोपण्याआधी तीन तास काही खाऊ नये आणि पलंगाची उशाकडील बाजू उंच करावी. एवढे करून फरक पडतो का ते पाहावे. नुसत्या घोगरेपणावरून, स्वरतंतू न पाहता, महिनोन्‌महिने आम्लनाशक गोळ्या घेणे मला योग्य वाटत नाही आणि जाणकार तज्ज्ञही तसा सल्ला देत नाहीत.

सातवी तपासणी: विश्रांती आणि घड्याळ

वरील सर्व करूनही प्रश्न उरला, तर तीन दिवस बोलणे अगदी गरजेपुरते ठेवावे आणि वर दिलेली हळू गाण्याची चाचणी आधी व नंतर मुद्रित करावी. आवाज पूर्ण परत आला तर सूज ताजी होती. अर्धाच परत आला तर कडेवर काही तरी टिकून राहिले आहे.

घड्याळ घेऊन एक तुलना करावी. पूर्ण श्वास भरून ‘स्‌ऽऽ’ असा ध्वनी जमेल तितका लांबवावा, मग ‘झाड’ या शब्दातील झ सारखा गुणगुणणारा ध्वनी तसाच लांबवावा. पहिल्यात स्वरतंतू कंप पावत नाहीत, दुसऱ्यात पावतात, आणि निरोगी गळ्यात दोन्हींचा काळ जवळपास सारखा येतो. पहिला काळ दुसऱ्याच्या १.४ पटीहून अधिक येत असेल, तर कडा मिटताना हवा गळत असल्याचा तो संकेत आहे. हे निदान नव्हे. येथून पुढचे काम दुर्बिणीचे आहे.

येथे थांबावे आणि तज्ज्ञ गाठावा

घोगरेपणा चार आठवडे टिकला तर घरचे उपाय बंद करून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र पाहून घ्यावे. धूम्रपान किंवा तंबाखूची सवय, मानेत गाठ, गिळताना त्रास, थुंकीतून रक्त, कारण नसताना घटणारे वजन किंवा एका कानात जाणारी घशाची कळ यांपैकी काहीही असेल, तर चार आठवडेसुद्धा थांबू नये. स्वरतंतूंवरील कर्करोगात आवाज लवकर बदलतो, आणि त्यामुळेच तो वेळेत पकडला गेला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. ही संधी गोळ्या चघळण्यात घालवू नये.

मान, थायरॉइड किंवा छातीवरील शस्त्रक्रियेनंतर आवाज बदलला असेल तरीही लगेच जावे. स्वरयंत्राच्या बहुतेक स्नायूंना हालचालीची आज्ञा देणारा डावा मज्जातंतू छातीत उतरतो, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेतो आणि मग वर गळ्यात येतो. या लांबच्या वाटेमुळे छातीतील विकारही कधी कधी प्रथम आवाजातून प्रकट होतो.

मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये दोन आरसे आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. आज नाकावाटे बारीक दुर्बीण घालून तेच काही मिनिटांत दिसते. आवाज हेच ज्यांचे चरितार्थाचे साधन आहे त्यांनी स्ट्रोबोस्कोपीची सोय आहे का, हे आधी विचारावे. त्यात कंपनाच्या गतीपेक्षा किंचित वेगळ्या गतीने प्रकाश लुकलुकवला जातो, त्यामुळे अस्तरावरील लाट संथ झाल्यासारखी दिसते आणि ती कोठे अडते ते कळते. साध्या प्रकाशात हे निसटू शकते.

दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर, पुढच्या एक-तृतीयांश भागाच्या सीमेवर, लहान गाठी दिसल्या तर घाबरून जाऊ नये. सर्वाधिक आपट तेथेच बसते, आणि अशा गाठींवर पहिला उपचार वाचा-उपचारतज्ज्ञाकडील आवाजाचे प्रशिक्षण हाच असतो. एकाच बाजूचा मोठा फुगवटा किंवा अस्तराखालील लहान पिशवी (सिस्ट) असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागू शकतो. ती झाली तरी प्रशिक्षण टाळता येत नाही, कारण बोलण्याची पद्धत तीच राहिली तर गाठ पुन्हा धरू शकते. कार्यक्रम जवळ आला म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन मागून घेण्याची प्रथा धोक्याची आहे. सूज तात्पुरती ओसरते, आवाज साथ देतो आणि जखमी कडेवर पूर्ण जोर लावला जातो. स्वरतंतू पाहिल्याशिवाय असे औषध देऊ नका, असे रुग्णानेच डॉक्टरांना सांगावे. जाताना दोन आठवड्यांची नोंद, सकाळ-संध्याकाळची ध्वनिमुद्रणे आणि चालू औषधांची पूर्ण यादी सोबत न्यावी.